कोरे राहिलेले प्रश्न : नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या एका व्यवसायोपचारतज्ज्ञाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, कापसाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात, व्यवसायोपचाराचा म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, दुखापत किंवा आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांचा, एका खोलीचा विभाग आहे. तो विभाग तेरा वर्षे एकटीने चालवणाऱ्या थेरपिस्टने नोकरी न सोडता पीएच.डी.साठी नोंदणी केली. त्यानंतरच्या तीन वर्षांची ही नोंद आहे. मी या संशोधनाची सहमार्गदर्शक आहे, आणि सुरुवातीला जी दिशा चुकली ती बरीचशी माझ्या सल्ल्यामुळे चुकली, हे आधीच सांगितलेले बरे. थेरपिस्टची आणि पुढे ज्यांचा उल्लेख येतो त्या रुग्णबाईंची संमती घेतली आहे. नावे, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे तरुण थेरपिस्ट मला वरचेवर विचारतात की, ओपीडी सांभाळून पीएच.डी. खरोखर होते का. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तासांचा हिशेब असतो. या प्रकरणात तासांची ओढाताण होतीच. पण संशोधनाचा प्रश्न जोपर्यंत ओपीडीच्या बाहेरचा होता तोपर्यंतच ती असह्य होती, आणि प्रश्न ओपीडीतून उचलला गेल्यावर तीच ओढाताण निभावण्याजोगी झाली. हे मला उशिरा कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विभाग आणि पदवीची निवड

भारतात व्यवसायोपचाराचे पहिले शिक्षण 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण कित्येक दशकांपासून दिले जाते. तरीही तालुक्याच्या गावात या शास्त्राची ओळख आजही नव्याने करून द्यावी लागते. रुग्णालयात या शास्त्राचे ‘ओटी’ हे लघुरूप उच्चारले की शस्त्रक्रियागृह समजतात, शेतात ‘ओटी’ म्हणजे कापूस वेचताना कमरेला बांधायची झोळी, आणि आमच्या थेरपिस्टची गावातली ओळख ‘व्यायामवाल्या मॅडम’ अशी आहे. त्यांच्या खोलीत मात्र व्यायामाच्या साधनांहून कामाची साधने जास्त आहेत: खुरपे, विळा, पोळपाट, काठोकाठ भरलेली कळशी आणि खिडकीशी एका कुंडीत रोवलेली वाळक्या पऱ्हाटीची जुडी, फुटलेल्या बोंडांसह. बोंडांतला कापूस संपला की थेरपिस्ट स्वतः तो पुन्हा भरून ठेवतात.

पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नोकरीच्या आधीच पूर्ण केले होते. पुढे शिकायचे ठरले तेव्हा त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक होती परदेशी विद्यापीठाची ‘ओटीडी’, म्हणजे व्यवसायोपचारातील क्लिनिकल डॉक्टरेट. दुसरी आपल्याकडची पीएच.डी. या दोन पदव्यांत पुष्कळदा गल्लत होते. ओटीडीचा भर उपचारकौशल्य, विभागाचे नेतृत्व आणि उपलब्ध पुराव्याचा वापर यांवर असतो, पीएच.डी.मध्ये नवे ज्ञान स्वतः उभे करून ते परीक्षकांपुढे सिद्ध करायचे असते. अमेरिकेत 2027 पासून या व्यवसायात प्रवेशासाठी डॉक्टरेट सक्तीची करण्याचा निर्णय 2017 मध्ये जाहीर झाला होता, तो मागे पडला आणि 2019 मध्ये मास्टर्स व डॉक्टरेट दोन्ही मार्ग खुले ठेवण्याचे ठरले. ही माहिती थेरपिस्टसाठी महत्त्वाची होती, कारण ‘आता सगळीकडे ओटीडीच लागणार’ असे त्यांना कोणीतरी ठामपणे सांगितले होते. त्यांना गाव सोडायचे नव्हते आणि ज्या गोष्टी रोज खटकत होत्या त्यांची उत्तरे कुठल्याच पुस्तकात मिळत नव्हती. अशा माणसाला पीएच.डी.च योग्य, असे मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणते.

नियमांची बाजू थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. मात्र नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात उमेदवाराला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल, असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. कालावधी किमान 3 आणि कमाल 6 वर्षांचा. पुनर्नोंदणीने 2 वर्षे वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचे असते. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून येण्याची 2016 च्या विनियमांतली सक्ती 2022 मध्ये काढली गेली, पण विद्यापीठे आपापल्या अटी ठेवू शकतात. म्हणून अर्जाआधी आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक ओळ न ओळ वाचावे. आमच्या थेरपिस्टचे ना हरकत प्रमाणपत्र दोन महिने अडले, कारण व्यवस्थापनाला ‘पुरेसा वेळ’ या शब्दांची धास्ती वाटत होती. शेवटी आठवड्यातला एक दिवस ठरला. तो मुद्दाम बाजाराचा दिवस धरला नाही, कारण त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून रुग्ण येतात आणि विभाग बंद ठेवणे थेरपिस्टलाच मान्य नव्हते.

मार्गदर्शक मिळणे त्याहून अवघड गेले. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात, आणि व्यवसायोपचारात मान्यताप्राप्त मार्गदर्शक मुळातच मोजके आहेत. अखेर जनवैद्यकशास्त्राचे एक प्राध्यापक मार्गदर्शक झाले आणि विषयाची बाजू सांभाळायला मी सहमार्गदर्शक म्हणून आले. ही तडजोड पुढे फार उपयोगी पडली, कारण आमच्या शाखेतल्या ज्या गोष्टी मी गृहीत धरत होते त्यांवर ते भाबडेपणाने नव्हे, अभ्यासूपणाने ‘का?’ असे विचारत.

पहिला आराखडा आणि तो का सोडला

पहिला विषय माझ्या सल्ल्याने ठरला होता. हाताच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, दुखापतीनंतर वापरल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या स्प्लिंटची, म्हणजे आधारपट्ट्यांची, तुलना करायची, रुग्णांची यादृच्छिक विभागणी करायची आणि पकडशक्ती डायनॅमोमीटरने मोजायची. आराखडा नेटका होता आणि समितीपुढे मांडायला सोपा होता. अशा चाचणीची नोंदणी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, त्याचीही तयारी झाली होती. अडचण अशी की या अभ्यासासाठी थेरपिस्टला विभागातल्या रोजच्या कामाहून वेगळे असे दुसरेच काम करावे लागत होते: ठरलेल्या दिवशी ठरलेली मापे घ्यायची, दुसऱ्या गावच्या रुग्णालयातून रुग्ण मिळवायचे आणि संध्याकाळी सहानंतर तक्ते भरायचे. चार महिन्यांत त्या इतक्या थकल्या की नोंदणी रद्द करण्याची भाषा सुरू झाली.

त्याच सुमारास विभागात एक रुग्णबाई येत होत्या. चाळिशीच्या, शेतमजूर. वैरण कापायच्या कुट्टी मशीनमध्ये उजवा हात गेला होता. तर्जनी टोकाच्या पेरापासून तुटली होती आणि मधल्या बोटाचा वाकवणारा कंडरा शस्त्रक्रियेने जोडलेला होता. काही महिन्यांच्या उपचारानंतर पकडशक्ती डाव्या हाताच्या जवळपास पोहोचली, छिद्रांत खुंट्या बसवण्याच्या चाचणीतला वेळही सुधारला. कागदावर त्या बऱ्या झाल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांना वेचणीच्या टोळीत कोणी घेत नव्हते.

थेरपिस्टने त्यांना ‘डॅश’ ही प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली. खांदा, बाहू आणि हात यांची अक्षमता मोजणारी ही 30 प्रश्नांची प्रश्नावली 1996 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते. उत्तरे ‘काहीच अडचण नाही’पासून ‘अजिबात जमत नाही’पर्यंत पाच पायऱ्यांत द्यायची आणि त्यांवरून 0 ते 100 असा गुण काढायचा. किमान 27 प्रश्नांची उत्तरे असल्याशिवाय हा गुण काढता येत नाही. डोक्यावरचा बल्ब बदलण्याचा प्रश्न आला तेव्हा बाई म्हणाल्या, “बल्ब तं पोरगा लावते जी, मले काहाले विचारता?” मग पत्ते किंवा विणकामासारख्या विरंगुळ्याचा प्रश्न आला, मग टेनिस आणि गोल्फचा. पुढे लैंगिक संबंधांविषयीचा प्रश्न होता. पडद्यापलीकडे बाकावर माणसे बसलेली असताना तो विचारण्याची थेरपिस्टची हिंमत झाली नाही, आणि माझ्या मते न विचारणेच बरोबर होते. तीनपेक्षा जास्त रकाने कोरे राहिले आणि गुण निघालाच नाही. गेल्या आठवड्यात एखादे काम करण्याचा प्रसंग आला नसेल तर अंदाजाने उत्तर द्या, अशी सूचना डॅशमध्ये आहे. पण जे काम जन्मात केले नाही त्याचा अंदाज कुठून करणार?

मला त्याहून गंभीर वाटली ती भरलेल्या रकान्यांची गोष्ट. काम कोणत्या हाताने केले याला महत्त्व देऊ नये, ते जमते की नाही एवढेच सांगावे, असे ही प्रश्नावली सांगते. बाई बरीच कामे डाव्या हाताने करू लागल्या होत्या, म्हणून त्यांची उत्तरे ‘अडचण नाही’ अशी येत गेली. थेरपिस्टने कागद बाजूला ठेवला आणि त्यांना खिडकीशी पऱ्हाटीजवळ नेले. तिथे दिसले ते असे. कापूस वेचताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बोंडाच्या चार-पाच कप्प्यांत एकाच वेळी शिरतात आणि एका ओढीत सगळ्या पाकळ्या सोडवून घेतात. बोंडाची वाळलेली टोके बोटांना टोचतात, म्हणून बोटांची टोके किती आत न्यायची हे स्पर्शानेच कळावे लागते. बाईंची तर्जनी आखूड, तिच्या टोकाची कातडी हुळहुळी, त्यामुळे एका बोंडाला तीन-तीन ओढी लागत आणि कापसात पालापाचोळा येई. “डाव्या हातानं येचनं होते जी, पण किलो भरत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते.

त्या रात्री थेरपिस्टने मला फोन केला. स्प्लिंटचा विषय सोडायचा आहे, एवढेच त्यांनी आधी सांगितले. मी विरोध केला, कारण सहा महिन्यांचे काम वाया जाणार होते. त्यांनी कोऱ्या रकान्यांचा कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा माझा विरोध संपला. डॅश हे चांगले साधन आहे. ज्या माणसांसाठी ते घडले त्यांच्या जगण्यात ते नीट बसते. ज्या बाया रोज आमच्यासमोर बसतात त्यांच्या हातांच्या कामाचे मोजमाप मात्र त्याने होत नव्हते, आणि त्याची जाणीव असूनही मी तेरा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला डायनॅमोमीटरच्या आकड्यांमागे धाडले होते.

नवा प्रश्न आणि त्याची बांधणी

नवा विषय ठरला तो असा: विदर्भातल्या शेतीकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हाताची कार्यक्षमता मोजणारी, त्यांच्याच कामांवर आणि बोलीवर आधारलेली प्रश्नावली तयार करणे आणि तिची वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) व विश्वासार्हता (पुन्हा विचारले तर तेच उत्तर येते का) तपासणे. हात आणि काम यांचा असा विचार या प्रदेशाला नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 पासून, अमरावतीच्या तपोवनात 1946 पासून आणि पुढे बाबा आमट्यांच्या आनंदवनात, कुष्ठरोगाने संवेदना गेलेले आणि वाकलेले हात कामाला लागले.

कामांची यादी गोळा करायला वेगळा वेळ काढावा लागला नाही. रुग्णाला कोणती कामे महत्त्वाची वाटतात हे मुलाखतीतून विचारणे हा व्यवसायोपचाराचा नित्याचाच भाग आहे. 1991 मध्ये कॅनडात तयार झालेल्या सीओपीएम या साधनात रुग्ण स्वतः कामे निवडतो आणि आपली कामगिरी व समाधान यांना 1 ते 10 गुण देतो. ती मुलाखत थेरपिस्ट आधीपासून घेतच होत्या. आता तीच शिस्तीने, नैतिक समितीच्या परवानगीनंतर, नोंदवून घेऊ लागल्या. यादीत आले ते निंदण, सोंगणी, टोबणी, वेचणी, भाकरी थापणे, पिळा घालून लुगडे पिळणे, डोक्यावरचे टोपले एका हाताने सावरत धुऱ्यावरून चालणे, आणि एक असे काम जे आमच्यापैकी कोणालाच सुचले नसते: रेशन दुकानातल्या मशीनवर बोट उमटणे.

उत्तराच्या पायऱ्यांवर बराच खल झाला. ‘सौम्य अडचण’ आणि ‘मध्यम अडचण’ यांतला फरक वऱ्हाडीत कोणी बोलत नाही. प्रश्नावली वाचून दाखवून ‘हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आले ते मोठ्याने सांगा’ अशा मुलाखती घेतल्या तेव्हा बायांनीच शब्द दिले: ‘होते’, ‘जड जाते’, ‘लय जड जाते’, ‘होतच नाही’. पाचाच्या चार पायऱ्या झाल्या. मार्गदर्शकांनी संख्याशास्त्राच्या अंगाने शंका काढली, आणि त्यांची शंका रास्त होती, कारण पायऱ्या कमी केल्या की सूक्ष्म बदल निसटू शकतात. आम्ही बोलीच्या बाजूने निर्णय घेतला, आणि तो प्रबंधात कारणांसह नोंदवला आहे.

सगळ्यात मोठी गाठ ऋतूची होती. विश्वासार्हता तपासताना तीच प्रश्नावली एक-दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात आणि त्या काळात हात बदललेला नाही असे धरतात. इथे हात तोच राहतो, काम बदलते. आषाढात वेचणीबद्दल विचारले तर बाई हसतात. कार्तिकात निंदणाबद्दल विचारले तर ते आठवणीतून सांगतात. आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे 2001 च्या आयसीएफमध्ये, माणूस काय करू शकतो आणि प्रत्यक्षात काय करतो यांत भेद केला आहे, तो इथे कामी आला. वर्षभराची घरकामे एका भागात आणि हंगामी कामे दुसऱ्या भागात ठेवली. हंगामी कामांचे प्रश्न त्या-त्या हंगामातच विचारायचे आणि हंगाम नसेल तर खोलीतल्या पऱ्हाटीवर किंवा खुरप्यावर करून घ्यायचे. यामुळे संशोधनाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांशी न जुळता शेतीशी जुळले. सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते, आणि पावसाळ्याच्या सत्रात दाखवण्यासारखे आकडे नव्हते. समितीतल्या एका सदस्यांनी ‘काम थंडावले आहे’ असा शेरा दिला. पुढच्या वेळी थेरपिस्टने सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर पेरणीपासून वेचणीपर्यंतचे कॅलेंडर लावले, आणि तो शेरा पुन्हा आला नाही.

प्रत्येक प्रश्न किती समर्पक आहे हे तज्ज्ञांनी 1 ते 4 गुण देऊन सांगायचे असते. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असतील तर प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक, म्हणजे त्याला 3 किंवा 4 गुण देणाऱ्या तज्ज्ञांचे प्रमाण, 0.78 पेक्षा कमी नसावा असा संकेत आहे. थेरपिस्टने हट्ट धरला की तज्ज्ञांत हस्तशल्यचिकित्सक आणि थेरपिस्ट यांच्याबरोबर मजुरांची टोळी नेणारी एक बाईही असली पाहिजे. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक कामाचे चित्र पुठ्ठ्यावर काढले, जमिनीवर चार सुपे मांडली आणि त्या-त्या सुपात चित्र टाकायला सांगितले. त्यांनी सर्वांत आधी उचलून पहिल्या सुपात, म्हणजे ‘याचा उपेग नाही’ असे ठरलेल्या सुपात टाकले ते चित्र थेरपिस्टचे आवडते होते: दळण चाळण्याचे.

नमुन्यासाठी दर प्रश्नामागे 5 ते 10 व्यक्ती असाव्यात असा ढोबळ नियम आहे. 24 प्रश्नांना 120 ते 240 स्त्रिया लागणार होत्या. एका रुग्णालयात तेवढ्या हस्तदुखापती मिळणे अशक्य होते. म्हणून भाजलेले हात, मनगटाचे अस्थिभंग, संधिवात आणि कुष्ठरोगामुळे बधिर झालेले हात यांचाही समावेश केला, आणि शेजारच्या दोन ठिकाणी काम वाढवले. ते अजून चालू आहे.

दोन भूमिका

उपचार करणारी आणि संशोधन करणारी व्यक्ती एकच असली की संमतीचा अर्थ पातळ होतो, हे मला या प्रकरणात डोळ्यांनी दिसले. पहिल्या काही मुलाखतींत थेरपिस्ट स्वतः संमती घेत होत्या. एका बाईंनी कागद पुरा वाचून होण्याआधीच शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला. का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “मॅडमनं सांगतलं म्हणजे झालं.” हा विश्वास तेरा वर्षांच्या कामातून आला होता, आणि नेमका तोच संशोधनात वापरता येत नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीची संमती निष्पक्ष साक्षीदारासमोर घ्यावी लागते. आम्ही आणखी एक पाऊल पुढे गेलो: संमती रुग्णालयातल्या समाजसेविका घेतात, थेरपिस्ट त्या वेळी खोलीत नसतात, आणि ‘नाही’ म्हणालेल्या बाईचे नाव थेरपिस्टला कळवले जात नाही. व्यवस्था बदलल्यावर काही जणी ‘नाही’ म्हणू लागल्या. मी ते यश मानते.

घरची बाजू मी थोडक्यात लिहिते, कारण ती सर्वांच्या ओळखीची आहे. अर्धवेळ विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती नसते. शुल्क पगारातून जाते. मुलगा आठवीत, सासूबाई घरी. लिखाण पहाटे चार ते सहा या वेळात होते. पहिल्या विषयाच्या काळातही हेच तास होते आणि तेव्हा ते पुरत नव्हते. आता दिवसभरात विभागात जे घडते तेच पहाटे लिहायचे असते. लिहिताना जे सुचते ते सकाळी नऊ वाजता समोरच्या रुग्णावर तपासून पाहता येते. एवढाच फरक पडला, पण तो निर्णायक होता.

मधल्या काळात नागपुरातून त्यांना अध्यापनाच्या नोकरीची विचारणा झाली. मी जाण्याचा सल्ला दिला, कारण पदवीनंतर पुढची पदे तिथेच आहेत. त्यांनी प्रबंध होईपर्यंत निर्णय पुढे ढकलला आहे. पुढे त्या काय ठरवतील याबद्दल अंदाज करणे मला योग्य वाटत नाही. त्या गेल्या तर ती खोली बंद पडेल, हे मात्र दोघींनाही माहीत आहे.

रेशनच्या मशीनचा प्रश्न प्राथमिक विश्लेषणात इतर प्रश्नांशी जुळला नाही. बोट उमटत नाही ते कातडीच्या रेषा पुसल्यामुळे. त्यात हाताच्या ताकदीचा किंवा कौशल्याचा भाग नाही. शास्त्राने पाहिले तर तो काढून टाकायला हवा होता. थेरपिस्ट म्हणाल्या की, ज्या बाईचे बोट उमटत नाही तिला धान्यासाठी परत फिरावे लागते, आणि हे आम्ही नाही विचारले तर दवाखान्यात कोणीच विचारणार नाही. शेवटी तो प्रश्न एकूण गुणांतून वगळला आणि प्रश्नावलीच्या शेवटी, वेगळ्या चौकटीत, कायम ठेवला.

कुट्टी मशीनवाल्या बाई या हंगामात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाल्यावर पुन्हा आल्या. आखूड तर्जनीऐवजी मधले बोट आणि अंगठा वापरून वेचण्याचा सराव त्यांनी पावसाळ्यात खोलीतल्या पऱ्हाटीवर केला होता, आणि हुळहुळ्या टोकासाठी थेरपिस्टने पातळ कातड्याचे टोपण शिवून दिले होते. वेचणीच्या प्रश्नाला त्यांनी ‘जड जाते’ असे उत्तर दिले. गेल्या वर्षी ते ‘लय जड जाते’ असे होते. त्यांच्या ओपीडी कार्डावर पकडशक्तीच्या रकान्याशेजारी पेनाने आखलेला एक जास्तीचा रकाना आहे, आणि त्यात मागच्या सोमवारी त्यांनी वेचलेल्या कापसाचे किलो लिहिले आहेत.